घनता काढायची तर मोजपट्टी नको, काटा हवा

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. सूत्र एवढंच आहे आणि ते शाळेतच पाठ झालेलं असतं. तरीही हातात एखादी अंगठी, पितळी मूर्ती किंवा तेलाची बाटली देऊन ‘हिची घनता काढा’ म्हटलं की बहुतेकांचं उत्तर दहा-वीस टक्क्यांनी चुकतं. चूक वजनात होत नाही. हल्ली चार-पाचशे रुपयांच्या काट्यावरही वजन नीट कळतं. घोळ होतो तो आकारमानात.

उदाहरण घ्या. ८.४२ ग्रॅमची एक अंगठी आहे. शाळेत शिकवलेल्या पद्धतीने ती मोजपात्रात टाकली आणि पाण्याची पातळी किती चढली ते पाहिलं. अंगठीचं आकारमान अर्ध्या मिलिलिटरच्या आसपास. पाण्याचा पृष्ठभाग काचेपाशी वळलेला असतो, डोळा थोडा वर-खाली होतो, त्यामुळे कुणाला ०.४ मिलि दिसेल, कुणाला ०.६. पहिल्याच्या हिशोबाने घनता २१ येते, म्हणजे अंगठी जवळपास प्लॅटिनमची. दुसऱ्याच्या हिशोबाने १४ येते, म्हणजे अठरा कॅरेट सोन्यापेक्षाही हलकी. अंगठी तीच, पाणी तेच.

मोजपट्टीने तर आणखी फसगत होते. दोन सेंटिमीटरचा घन मोजताना बाजूत एक मिलिमीटर चुकला, तर ती चूक ५ टक्क्यांची. पण आकारमानात बाजू तीनदा गुणली जाते, म्हणून चूक १५ टक्क्यांच्या वर जाते. गोल गरगरीत, कोरीव, कडीकोयंड्याच्या वस्तूंचं तर बोलायलाच नको.

म्हणून आकारमानही काट्यावरच मोजायचं. पाण्याची घनता आपल्याला पक्की ठाऊक आहे. तेव्हा वस्तूने किती ग्रॅम पाणी बाजूला सारलं हे कळलं की आकारमान आपोआप हाती येतं.

मांडणी

लागतं ते इतकंच: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशात मावेल असा डिजिटल काटा (साधारण २०० ग्रॅम क्षमतेचा), एक हलका प्लास्टिकचा पेला, बारीक तंगूस आणि वस्तू टांगायला आधार. काट्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या चळती रचून वर एक फूटपट्टी आडवी टाकली की आधार झाला. हाताने दोरा धरू नका. हात कितीही स्थिर वाटला तरी शेवटचा आकडा नाचत राहतो.

आधी वस्तू कोरडी असताना तिचं वजन घ्या. मग पेल्यात वस्तू पूर्ण बुडेल इतकं पाणी घेऊन पेला काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. आता तंगुसाला टांगलेली वस्तू पाण्यात सोडा. ती पूर्ण बुडलेली हवी, पण तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये. काट्याचा आकडा वाढतो. जितका वाढला तितके ग्रॅम पाणी वस्तूने बाजूला सारलं.

असं का होतं? पाणी वस्तूला प्लावक बलाने वर ढकलतं आणि तेवढ्याच बलाने वस्तू पाण्याला खाली दाबते. तो दाब पेल्यामार्फत काट्यापर्यंत पोचतो. वस्तूचं बाकीचं वजन तंगूस आणि फूटपट्टी पेलते, काट्याला त्याचा पत्ताच नसतो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार प्लावक बल म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. तेच काट्यावर दिसतं.

आपल्या अंगठीसाठी समजा आकडा ०.४७ ने वाढला. ८.४२ ÷ ०.४७ = १७.९१. ही झाली सापेक्ष घनता, म्हणजे पाण्याच्या कितीपट. तिला त्या वेळच्या पाण्याच्या घनतेने गुणलं की खरी घनता मिळते. पाण्याची घनता २० अंश सेल्सिअसला ०.९९८२, २५ ला ०.९९७०, ३० ला ०.९९५६ आणि ४० ला ०.९९२२ ग्रॅम प्रति घनसेंमी असते. ३० अंशांच्या पाण्यात आपलं उत्तर १७.८ होतं.

बोअरचं पाणी चालेल का, आरओचंच हवं का, असं विचारलं जातं. नळाचं, बोअरचं, कुठलंही गोडं पाणी चालतं. लिटरमागे एक ग्रॅम क्षार असलेलं जड पाणीसुद्धा घनतेत हजारात एकाहून कमीच फरक पाडतं. तापमानाचा फरक त्याहून मोठा असतो आणि लोक नेमकं तेच बघत नाहीत.

कुठे चुकतं

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे बुडबुडे. वस्तूला चिकटलेला तीन मिलिमीटर व्यासाचा एकच बुडबुडा ०.०१४ घनसेंमी जागा घेतो. अंगठीच्या ०.४७ मध्ये तो मिळाला की घनता १७.९ वरून थेट १७.४ वर येते आणि चांगलं बावीस कॅरेटचं सोनं संशयाच्या भोवऱ्यात सापडतं. नक्षीच्या खोबणीत, साखळीच्या कड्यांत, खड्याच्या कोंदणाखाली बुडबुडे हमखास अडकतात. उपाय सोपा आहे. वस्तू आधी साबणाच्या पाण्यात बुडवून हलवून घ्या आणि पेल्यातल्या पाण्यातही भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. फेस होऊ देऊ नका, थेंब म्हणजे थेंबच. पाणी उकळून, झाकून, गार केलेलं असेल तर उत्तम. ताज्या पाण्यात विरघळलेली हवा असते. पाणी जरा कोमट झालं की ती बारीक मण्यांसारखी धातूवर जमू लागते, आणि मघाशी स्वच्छ दिसलेली वस्तू पाच मिनिटांनी बुडबुड्यांनी भरलेली असते. म्हणून आकडा पटकन घ्या.

दुसरी गोष्ट दोऱ्याची. सुती दोरा पाणी शोषतो आणि वर चढवतो, त्यामुळे आकडा हळूहळू सरकत राहतो. तंगूस किंवा नायलॉनचा एकेरी धागा वापरा. धाग्याचाही बुडालेला भाग थोडं पाणी सारतोच. छोट्या वस्तूसाठी आधी रिकामा फास तेवढाच बुडवून त्याचा आकडा घ्या आणि वजा करा.

तिसरी चूक काट्याच्या स्वभावातून येते आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. स्वस्त डिजिटल काटे शून्याजवळ असताना हळूहळू होणारा बारीक बदल ‘हा माझाच दोष’ असं समजून गिळून टाकतात आणि पुन्हा शून्यच दाखवतात. पेला ठेवून टेअर (आकडा शून्यावर आणायचं बटण) दाबलं, नाकातली चमकी हळुवार पाण्यात सोडली, आणि काटा ०.०० वरून हललाच नाही, असं होतं ते यामुळे. म्हणून या कामात टेअर बटण दाबूच नका. पेला आणि पाण्याचं वजन दिसत राहू द्या, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा लिहा, वजाबाकी स्वतः करा. काटा शून्यापासून लांब असला की असा चोरटा हिशोब करत नाही.

वस्तू तळाला टेकली तर आकडा एकदम फुगतो, कारण मग काट्यावर वस्तूचं वजनही येतं. हे लगेच कळतं. बाजूला टेकलेली मात्र चटकन दिसत नाही. पेला जरा फिरवून आकडा तोच राहतो ना, हे पाहिलं की शंका फिटते.

आकडे किती खरे मानायचे

८.४२ ला ०.४७ ने भागलं की कॅल्क्युलेटर १७.९१४८९३ दाखवतो. त्यातले शेवटचे पाच आकडे शुद्ध थापा आहेत. काटा शंभरांश ग्रॅमपर्यंतच बघतो, म्हणजे ०.४७ हा आकडा ०.४६ किंवा ०.४८ असू शकतो. त्यानुसार सापेक्ष घनता १८.३ ते १७.५ यात कुठेही असेल. ४० ग्रॅमच्या पाटलीसाठी हाच फरक २.२५ मध्ये ०.०१ इतका, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो, आणि उत्तर १७.८ च्या आजूबाजूला एक दशांशात पक्कं होतं.

नियम असा धरावा: वाढलेला आकडा काट्याच्या सगळ्यात लहान घराच्या निदान शंभरपट असला तर उत्तर एका टक्क्यात बसतं. ०.०१ च्या काट्यावर याचा अर्थ वस्तूचं आकारमान एक घनसेंमी तरी हवं. स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमच्या काट्यावर ते शंभर घनसेंमी हवं. ८५० ग्रॅमची भरीव पितळी मूर्ती त्या काट्यावर झकास मोजता येते: आकडा सुमारे १०० ने वाढला की घनता ८.५, पितळेची असते तशीच. कानातल्या कुड्या मात्र त्यावर मोजायला जाऊ नका. काट्याच्या क्षमतेकडेही लक्ष असू द्या. त्यावर पातेलं आणि पाणी यांचंच वजन बसतं, मूर्तीचं नाही, त्यामुळे पाच किलोच्या काट्यावर बऱ्यापैकी मोठी वस्तू मावते.

सोन्याचा हिशोब आणि त्यातली नेहमीची चूक

शुद्ध सोन्याची घनता १९.३२, चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६. बावीस कॅरेट म्हणजे वजनात ९१.६७ टक्के सोनं. उरलेलं ८.३३ टक्के तांबं असेल तर मिश्रधातूची घनता किती? बहुतेक जण इथे टक्केवारीने सरासरी काढतात: ०.९१६७ × १९.३२ + ०.०८३३ × ८.९६ = १८.४६. हे चूक आहे. टक्के वजनाचे आहेत आणि एकत्र येतात ती आकारमानं. म्हणून एक ग्रॅम मिश्रणातल्या प्रत्येक धातूचं आकारमान वेगळं काढायचं: सोन्याचं ०.९१६७ ÷ १९.३२ = ०.०४७४५, तांब्याचं ०.०८३३ ÷ ८.९६ = ०.००९३०. बेरीज ०.०५६७५ घनसेंमी. एक ग्रॅमला या बेरजेने भागलं की १७.६. मिसळलेला धातू चांदी असेल तर याच रीतीने १८.०५ येते. खऱ्या दागिन्यात साधारणपणे दोन्ही थोडेथोडे असतात, त्यामुळे बावीस कॅरेटची घनता १७.६ ते १८.० यात पडते. आपली अंगठी १७.८ ला बरोबर मध्ये बसली.

अठरा कॅरेटला हाच हिशोब १५.० ते १६.० देतो. म्हणजे बावीस आणि अठरा यांच्यात दीड-दोन एककांची मोकळी जागा आहे आणि ती आठ-दहा ग्रॅमच्या दागिन्यातही साध्या काट्याने ओळखता येते. बावीस की एकवीस हे ठरवायला मात्र ही पद्धत वापरू नये. तिथे मिसळलेला धातू कोणता यानेच उत्तर इकडचं तिकडे होतं.

पद्धत कुठे तोंडघशी पडते तेही सांगायला हवं. पोकळ मणी, लाख भरलेले दागिने, खडे जडवलेल्या वस्तू, मोती ओवलेली नथ: यांची घनता सोन्याची येणारच नाही आणि त्यावरून सोनं खोटं ठरत नाही. लाख भरलेला दागिना गरम पाण्यात तर बिलकूल टाकू नका. उलट दिशेची फसवणूक टंगस्टनची. त्याची घनता १९.२५, म्हणजे शुद्ध सोन्याला जवळजवळ लागून. आत टंगस्टन आणि वर सोन्याचा जाड थर असलेलं चोवीस कॅरेटचं नाणं किंवा वळं पाण्यातल्या वजनाला हूं की चूं करत नाही. थोडक्यात, घनता कमी आली तर काहीतरी नक्की वेगळं आहे. बरोबर आली तर शंका कमी झाली, एवढंच. विकत घेताना हॉलमार्क आणि सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बघायचा तो बघायचाच. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यांवर तो बंधनकारक आहे.

चांदीसाठी या पद्धतीचा मला फारसा भरवसा वाटत नाही. शुद्ध चांदी १०.४९, स्टर्लिंग म्हणजे ९२५ ची १०.३६, आणि ७० टक्के चांदीत ३० टक्के तांबं घातलं तरी ९.९८. एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात शुद्धता ठरवायची तर काटा फार बारीक हवा आणि पैंजणाच्या कड्यांत एकही बुडबुडा नको. जर्मन सिल्व्हर की चांदी, एवढं मात्र चटकन कळतं. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, तांबं-निकेल-जस्त असतं आणि घनता साडेआठच्या आसपास येते.

जाता जाता मुकुटाची गोष्ट. आर्किमिडीजने सांडलेलं पाणी मोजून सोनाराची चोरी पकडली असं सगळीकडे सांगतात. हिशोब करून बघा. एक किलो शुद्ध सोन्याचं आकारमान ५१.८ घनसेंमी. ३० टक्के चांदी मिसळली तर ६४.८. फरक १३ घनसेंमी. मुकुट बुडेल अशा वीस सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात त्याने पाण्याच्या पातळीत पडणारा फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. गॅलिलिओलाही सांडलेल्या पाण्याची ही गोष्ट पटली नव्हती. १५८६ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, त्याने एक छोटं टिपण लिहून पाण्यात वजन करण्याचा तराजू सुचवला. आपण फूटपट्टी आणि तंगुसाने करतो ते त्याच जातीचं काम आहे.

तरंगणाऱ्या आणि विरघळणाऱ्या वस्तू

लाकूड, मेण, बुचाचा तुकडा तरंगतो. टांगायची गरजच नाही. बारीक सुईने तो पाण्याखाली जेमतेम बुडेपर्यंत दाबा आणि आकडा वाचा. तुम्ही दाबताय तो जोरही काट्यावर येतो, वस्तूचं वजनही येतं, आणि दोन्ही मिळून नेमकं बाजूला सारलेल्या पाण्याइतकं भरतं. ३१.२ ग्रॅमच्या सागवानी तुकड्याने आकडा ४८.० ने वाढवला तर घनता ०.६५. लाकूड पाणी पितं, म्हणून मेणाचा किंवा व्हार्निशचा पातळ हात द्या, नाहीतर आकडा झटपट घ्या.

खडीसाखर किंवा शेंदेलोण पाण्यात विरघळतं. त्यांना खाद्यतेलात बुडवा. रीत तीच, फक्त शेवटी पाण्याच्या घनतेऐवजी तेलाच्या घनतेने गुणायचं. साखरेच्या स्फटिकाची घनता १.५९ आणि मिठाची २.१६ यायला हवी.

तेल, पेट्रोल, दूध

द्रवासाठी एकच बाटली दोनदा भरायची. सपाट तोंडाची छोटी काचेची बाटली घ्या, काठोकाठ भरा, वरून काचेची पट्टी सरकवत जास्तीचं ओघळू द्या, बाहेरून पुसा, वजन करा. समजा रिकामी बाटली पट्टीसह ६२.४ ग्रॅम, पाणी भरून १७२.१, शेंगदाण्याचं तेल भरून १६२.४. पाणी १०९.७ ग्रॅम, तेल १००.० ग्रॅम. गुणोत्तर ०.९११६, आणि ३० अंशांच्या पाण्याच्या घनतेने गुणून ०.९०८. बाटलीवर ‘१०० मिलि’ छापलंय त्यावर विसंबू नका. काठोकाठ भरल्यावर ती कधीच शंभर नसते. आधी पाणी, मग बाटली पूर्ण वाळवून तेल, हाच क्रम ठेवा. तेलकट बाटलीला पाण्याचे थेंब आणि हवा दोन्ही चिकटून बसतात.

हा ०.९१ चा आकडा खिशाशी संबंधित आहे. बाजारात तेलाचा १५ लिटरचा डबाही मिळतो आणि १५ किलोचाही, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात. १५ लिटर तेलाचं वजन १५ × ०.९१ = १३.६५ किलो. १५ किलो तेल म्हणजे सुमारे साडेसोळा लिटर. फरक जवळपास एक किलो ३५० ग्रॅमचा. समजा लिटरवाला डबा २,४०० ला आणि किलोवाला २,५५० ला आहे. पहिला किलोमागे १७५.८० रुपयांना पडतो, दुसरा १७० ला. महाग दिसणारा डबाच स्वस्त निघाला. तेल तापमानाबरोबर बरंच फुगतं, दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के, म्हणजे हिवाळ्यातल्या पहाटेच्या आणि मे महिन्यातल्या दुपारच्या एका लिटरमध्ये वीस अंशांचा फरक असेल तर १३ ग्रॅमचा फरक पडतो. म्हणून पिशवीवर ग्रॅम बघायची सवय बरी.

पेट्रोल पंपावर घनता लिहिलेली असते ती १५ अंश सेल्सिअसची. तिथे मोजपात्रात हायड्रोमीटर (द्रवात तरंगवून घनता वाचायची काचेची नळी) सोडून ३२ अंशांच्या पेट्रोलवर ०.७३० वाचलं आणि फलकावर ०.७४५ दिसलं म्हणून भांडायला उठू नका. पेट्रोल दर अंशाला सुमारे ०.०००९ ने हलकं होतं, सतरा अंशांत हा फरक पुरा होतो. पंपावर तापमानानुसार बदल करायचं कोष्टक असतं, ते मागा. बदल केल्यानंतर टँकरसोबत आलेल्या नोंदीशी तुलना करायची आणि घनमीटरमागे ३ किलोपर्यंतचा फरक चालतो. आणि घनतेवरून माप कळत नाही. लिटरमागे कमी देतात असा संशय असेल तर पंपावरच्या पाच लिटरच्या मापाने तपासा.

लॅक्टोमीटरवर वाचतात ती दुधाची डिग्री म्हणजेही घनताच, फक्त मागचे दोन आकडे सांगायची पद्धत. डिग्री ३० म्हणजे घनता १.०३०. गाईचं दूध सर्वसाधारणपणे २८ ते ३० दाखवतं, म्हशीचं ३० ते ३२. दहा टक्के पाणी घातलं की ३० ची २७ होते. पण लॅक्टोमीटरला चकवायची युक्ती सोपी आहे, आणि म्हणूनच डेअरीत डिग्रीसोबत फॅटही काढतात. साय पाण्याहून हलकी. ती काढली की दूध जड होतं, डिग्री ३५ च्या आसपास जाते. आता त्या दुधात लिटरमागे सुमारे १७० मिलि पाणी घाला, डिग्री पुन्हा ३०. लॅक्टोमीटर खूष, दूध मात्र साय काढलेलं आणि वर पाणी घातलेलं. आणखी एक गोष्ट: धार काढल्या काढल्या डिग्री घेतली तर ती कमी येते, कारण दूध कोमट असतं, त्यात हवा असते आणि फेस असतो. काही तास थांबून, लॅक्टोमीटरवर लिहिलेल्या तापमानाजवळ आणून वाचा. काही लॅक्टोमीटर १५.६ अंशांसाठी बनवलेले असतात, काही २७ साठी. दोन्हींचे आकडे एका रांगेत लिहून उत्पादकाचं दूध नाकारणं हा अन्याय आहे.

वाळूचा ब्रास

इथवर एका वस्तूला एकच घनता होती. वाळू, साखर, पीठ यांना दोन असतात: दाण्याची आणि ढिगाची. वाळूच्या दाण्याची घनता सुमारे २.६५, पण कोरड्या वाळूच्या ढिगाची १.६ च्या आसपास, कारण ढिगात चाळीस टक्के जागा हवेची. दाण्याची काढायला पुन्हा बाटलीच. रिकामी बाटली १०० ग्रॅम, वाळू घालून २५०, त्यावर पाणी भरून, हलवून, हवा काढून ४९३.४, आणि नुसत्या पाण्याने भरलेली ४००. पाण्याने भरलेल्या बाटलीत वाळूमुळे किती पाण्याला जागा सोडावी लागली? ३०० − २४३.४ = ५६.६ ग्रॅम. १५० ÷ ५६.६ = २.६५. उत्तर २.५ च्या खाली आलं तर बहुधा हवा राहिली आहे. बाटली गरम पाण्यात काही वेळ ठेवून पुन्हा हलवा, आणि पुन्हा खोलीच्या तापमानावर येऊ द्या.

बांधकामावर वाळू ब्रासने येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. कोरडी असेल तर साधारण साडेचार टन. पण वाळू थोडी ओली असली की प्रत्येक दाण्याभोवती पाण्याचं पातळ आवरण बसतं आणि दाणे एकमेकांना दूर धरतात. पाच-सहा टक्के ओलाव्याला बारीक वाळू २५-३० टक्क्यांनी फुगू शकते. मग ब्रास भरलेला दिसतो आणि आत वाळू असते ८० घनफूट. काँक्रीटमध्ये घमेल्यांनी माप घेत असाल तर वाळू कमी पडते, आणि मिस्त्री म्हणतो सिमेंटच जास्त झालं.

तपासायला उभ्या बाजूंचं डबडं पुरे. त्यात ओली वाळू न दाबता दोन-तृतीयांश भरा, वरचा भाग सपाट करा आणि सळई आत खुपसून खोली मोजा. समजा २०० मिलिमीटर. वाळू दुसऱ्या भांड्यात काढा, डबडं पाण्याने अर्धं भरा, अर्धी वाळू परत घालून सहा मिलिमीटरच्या सळईने ढवळा, मग उरलेली घालून तसंच ढवळा आणि पृष्ठभाग सपाट करा. पूर्ण भिजलेल्या वाळूत ते आवरण टिकत नाही, दाणे खाली बसतात आणि वाळू कोरडीइतकीच जागा घेते. आता खोली १६० आली तर फुगवटा (२०० ÷ १६० − १) × १०० = २५ टक्के. अशा वाळूची दर चार घमेली मापायची असतील तिथे पाच घालायची. गाडी धर्मकाट्यावर नेली तरी हे उघडं पडतं: असा ब्रास पाण्यासकट ३.८ टनांच्या आसपास भरतो, साडेचार नाही. वाळू टनावर घेत असाल तर उलटं बघायचं. तिथे फुगवट्याने काही बिघडत नाही, पण दर टनात पन्नासेक किलो पाण्याचे पैसे जातात, आणि गाडीच्या फाळक्यातून पाणी ठिबकत असेल तर त्याहूनही जास्त.